समोरचं तेवढं

भाईजानने शेवटची ओळ घडाघडा वाचली, एकाही अक्षराला न अडखळता, आणि ती ओळ भिंतीवर नव्हतीच. "ट, ग, म, ल, र, न," तो म्हणाला. माझी काठी 'व'वर होती. 'व'च्या पुढे 'ख', त्याच्या पुढे 'द'. डोळे तपासायचा जुना तक्ता मी सकाळीच उतरवून ठेवला होता. पिवळा पडलेला, कोपऱ्यांना चिकटपट्टीची ठिगळं. नवा तक्ता पांढराशुभ्र, अजून गुंडाळीचा बाक न गेलेला. आणि माझा सख्खा भाऊ, डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून, खुर्चीत ताठ बसून, त्या नव्या तक्त्यावरून जुना तक्ता वाचत होता. मी तोंड उघडलं ते काहीतरी विचारायला. बाहेर आलं ते "बरोबर." कुठून आलं अल्ला जाणे. दिवसभर हाच शब्द बोलून बोलून जिभेला वळण पडलंय म्हणा. "दुसरा डोळा," मी म्हणाले. त्याने तळहात बदलला, परत तीच ओळ, तितकीच घडाघडा, आणि मी परत म्हणाले, "बरोबर." तो क्षणभर बसून राहिला, जणू मी अजून काही बोलणार आहे. मग म्हणाला, "झालं?" मी म्हणाले, "झालं." तो उठला, टोपी शोधली, डोक्यावर घातली आणि बाहेर गेला. बाहेरच्या बाकावर ड्रायव्हर मंडळी बसली होती. कुणीतरी म्हणालं, "काय उस्ताद, पास?" दुसरा म्हणाला, "आत बहीण बसलीय, नापास करायची कुणाची छाती आहे?" सगळे हसले. भाईजानही हसला, पण इतरांचं हसून झाल्यावर.

मला इथे सगळे डोळेवाल्या बाई म्हणतात. माझ्या मागे आणखीही काहीबाही म्हणतात, ते मला ठाऊक आहे. खडूस म्हणतात. म्हणू देत. बसच्या स्टिअरिंगमागे बसणाऱ्या माणसाला समोरचं दिसतंय की नाही एवढंच मला बघायचं असतं, आणि ते मी बघते. माझ्यासमोर माणसं रडली आहेत. एकाने माझ्या पायांवर टोपी ठेवली होती. एकाने मुलीचं लग्न ठरलंय म्हणून सांगितलं, आणि मी म्हणाले, मुबारक, पण बस चालवता यायची नाही, कारकुनाची जागा मागा. मी दया दाखवत नाही, कारण दया दाखवली की रस्त्यावरचं कुणीतरी मरतं. हे मी शिकाऊ मुलींना सांगते सुद्धा, मान वर करून. आणि आज माझी मान कुठे गेली? "बाई, मी बसू का?" दारातला ड्रायव्हर विचारत होता. बस बाबा, बस. डावा डोळा झाक. वाच. त्याने वाचलं, 'व'ला 'ब' म्हणाला, 'ख'वर अडला, डोळे बारीक केले, पुढे झुकला. माणूस तक्ता वाचतो तेव्हा असा वाचतो. अडतो, चुकतो, तोंड वाकडं करतो. पाठ असलेल्यालाच अडायचं कारण नसतं.

घाबरला असेल, मी स्वतःला समजावलं. जीभ सवयीने जुन्या वाटेला गेली असेल. घरी आपल्यालाही नाही का होत, घर बदललं तरी पाय जुन्या घराच्या वळणावर वळतात. त्यालाच काय, आमच्या घरात सगळ्यांनाच तो तक्ता पाठ आहे! मी हे काम शिकत होते तेव्हा वर्गातला एक जुना तक्ता मागून आणला होता आणि स्वयंपाकघराच्या दाराला टांगला होता. भाईजान तेव्हा नुकता बसवर लागला होता. संध्याकाळी घरी आला की मी त्याला मोरीपाशी स्टुलावर बसवायची, हातात लाटणं घ्यायची आणि एकेका अक्षरावर टेकवायची. तो मुद्दाम चुकायचा. 'ग'ला म्हणायचा गाढव, 'म'ला म्हणायचा म्हैस. शेवटची ओळ तर त्याने माझं नावच करून टाकली होती. टगमल. "टगमल, चहा टाक." "टगमल, तुझं लग्न कधी?" घरात मला माझ्या नावाने हाक मारायची पद्धतच बुडाली. आज खुर्चीत बसून त्याने तेच म्हटलं होतं, तळहात डोळ्यावर ठेवून. ट, ग, म, ल.

अब्बांनी तर तो तक्ता नुसता ऐकून पाठ केला होता. अब्बा हाफिज होते, अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ, आणि गल्लीतल्या पोरांना ते शिकवायचे. डोळे त्यांचे आम्ही लहान असतानाच गेले. सगळे नाही गेले. मधलं गेलं. समोर जे असेल तिथे त्यांना धुरकट डाग दिसायचा, कडेचं मात्र दिसायचं. भिंतीपाशी ठेवलेला तांब्या दिसायचा, समोरचा माणूस नाही. त्यामुळे कुणाशी बोलताना अब्बा तोंड फिरवून खिडकीकडे बघायचे. नवखा माणूस बिथरायचा. अम्मी चिडायची, "अहो, पाहुण्याकडे बघून बोलावं, भिंतीशी काय बोलता?" अब्बा तसेच खिडकीकडे बघत म्हणायचे, "बघतोय की." एके संध्याकाळी आमचा तक्त्याचा खेळ चालला होता, तर चटईवरून अब्बा म्हणाले, "माझे पण तपास गं." आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी वरपासून खालपर्यंत तक्ता म्हणून दाखवला. शेवटची ओळ भाईजानसारखी हेल काढून. आमचं हसून हसून लोळायचंच बाकी होतं. भाईजान ओरडला, "अब्बा पास! चला, बस काढा!"

अब्बाही हसले. मग गप्प झाले. ते असे गप्प झाले की आता काहीतरी ऐकावं लागणार हे आम्हाला कळायचं, आणि भाईजान हळूच चपला शोधायला लागायचा. "पाठ असलं म्हणजे दिसलं असं नसतं, पोरांनो," अब्बा म्हणाले. "मला अख्खं कुराण पाठ आहे. म्हणून मला ते दिसलंय असं समजू नका." आणि मग त्यांनी ती आयत म्हटली, त्यांची नेहमीची. तिचा अर्थ ते आमच्या बोलीत सांगायचे: हे लोक जमिनीवर हिंडले-फिरले नाहीत का, म्हणजे त्यांना समजून घेणारी काळजं मिळाली असती, ऐकणारे कान मिळाले असते? कारण आंधळे होतात ते डोळे नव्हेत. आंधळी होतात ती छातीतली काळजं. भाईजान म्हणाला, "अब्बा, म्हणून तर मी ड्रायव्हर झालो. माझ्याइतकं जमिनीवर कोण फिरतंय?" अब्बा म्हणाले, "फिरतोस रे. बघतोस काय?" भाईजान म्हणाला, "बाया सीटवरून भांडतात ते." मी फिस्सकन हसले.

तरुणपणी म्हणे अब्बा ही आयत हत्यारासारखी वापरायचे. कुणी आंधळे मास्तर म्हटलं की ही आयत त्याच्या तोंडावर फेकायची: बघ, आंधळा मी नव्हे, तू! त्या संध्याकाळी ते म्हणाले की, "ते चुकलं माझं. ही आयत दुसऱ्याला मारायला दिलेलीच नाही. तिच्याआधी काय आहे? ओसाड पडलेल्या विहिरी आहेत, उंच उंच बांधलेले वाडे आहेत. ती माणसं काय आंधळी होती? चांगली धडधाकट होती. रोज त्या विहिरीवर पाणी भरत होती. रोज बघत होती, म्हणूनच बघायची थांबली." मी विचारलं, काळीज आंधळं झालं हे माणसाला कळतं कसं? हे मी खरंच विचारलं होतं की परीक्षेचा अभ्यास टाळायला, कुणास ठाऊक. अब्बांनी माझ्याकडे बघायला तोंड खिडकीकडे वळवलं. "तीच तर गोम आहे," ते म्हणाले. "डोळ्यांचा आंधळा भिंत चाचपतो. काळजाचा आंधळा चाचपत नाही. त्याला वाटतं, मला दिसतंय."

"बाई, 'द'च आहे ना तो?" खुर्चीतला ड्रायव्हर म्हणाला. हो, 'द'च. बरोबर. पुढचा. मी तपासणीच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात भाईजानची चिठ्ठी सगळ्यात खाली सारली. का, ते विचारू नका. खाली सारली की ती नसल्यासारखी होईल असं काहीतरी. त्याची गाडी दुपारची होती, घाटातली, भरून जाणारी. तोवर वेळ होता. तोवर मी त्याला बाजूला घेऊन विचारू शकत होते. पण विचारायचं तर बोलावं लागतं, आणि आम्ही बोलत नव्हतो. म्हणजे 'डोळा झाक', 'दुसरा झाक' एवढं सोडून. अम्मी गेली तेव्हापासून.

आता ते निघालंच आहे तर सांगते. अम्मी आजारी होती, मी नोकरीतल्या एका प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात होते. त्या दुपारी भाभी कामावर, मुलं शाळेत, आणि भाईजान अम्मीच्या उशाशी बसलेला. भाभी परत आली तर अम्मीचे ओठ निळे पडलेले, नखं निळी. भाभीने किंकाळी फोडली. भाईजान उशाशीच होता, अम्मीचा हात हातात घेऊन, तिच्याशी बोलत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. मी पोचले तेव्हा घरात माणसं जमली होती आणि मी उंबऱ्यातच, सगळ्यांच्या देखत, चपला न काढता, त्याला म्हणाले, "डोळे फुटले होते का तुझे?" त्याने तोंड फिरवलं आणि खिडकीकडे बघत राहिला. मला वाटलं, वर मग्रुरी बघा! त्या दिवसापासून तो माझ्याकडे बघेनासा झाला. समोर आला तर माझ्या कानाकडे बघायचा, खांद्यापलीकडे बघायचा. मी भाभीला म्हणायची, तुमच्या साहेबांना माझं थोबाड बघवत नाही. भाभी म्हणायची, "तुमचं एकटीचंच नव्हे हो. माझंही." मला वाटायचं ती माझं मन राखायला म्हणतेय. आणि मीही हट्टी. म्हटलं, नाही बघायचं तर नको बघूस, मी काय तुझ्या दारात भीक मागायला आले नाही.

डॉक्टरसाहेब आले. ते उभ्या उभ्याच सह्या करतात, एका हातात चहाचा कप. मी तपासायचं, त्यांनी सही करायची, असं आमचं चालतं. "काही विशेष?" त्यांनी विचारलं. आता सांग, मी स्वतःला म्हणाले. आता. नुसतं म्हण, एकाला पुन्हा बघायचंय. "नाही," मी म्हणाले. त्यांनी गठ्ठा उलटा केला, तर भाईजानची चिठ्ठी सगळ्यात वर आली. "अरे, उस्ताद! यांना काय बघायचं. अजून पंचविशीतल्या पोरासारखं वाचत असतील." मी म्हणाले, "साहेब, एकदा तुम्ही स्वतः..." ते म्हणाले, "तुम्ही बघितलंय ना? मग झालं. तुम्ही बघितलं म्हणजे मी बघितलं." सही झाली. थोड्या वेळाने भाईजानचा कंडक्टर येऊन चिठ्ठी घेऊन गेला. या कंडक्टरला सगळे रेडिओ म्हणतात, कारण बस चालू असताना त्याची टकळी अखंड चालू असते: चला, डावीकडून सायकलवाला घुसतोय, पुढे म्हातारी उतरतेय, सिग्नल पडला, ट्रकने ब्रेक मारला. गेल्या वर्षी मी त्यांच्या बसने गेले होते तेव्हा म्हटलं होतं, अरे गप की, त्याला दिसत नाही का? आणि रेडिओ एकदम गप्प झाला होता. त्या गप्प होण्याकडेही मी बघितलं नव्हतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, ते आपल्याबद्दल असेल असं कुणाला वाटतं? मी हात धुवायला खिडकीपाशी गेले. खिडकीतून डेपोचं मैदान दिसतं. बसगाड्या रांगेत उभ्या होत्या आणि भाईजान आपल्या गाडीकडे चालला होता. चालता चालता तो प्रत्येक बसच्या अंगावरून हात फिरवत होता. बोटं पत्र्यावरून सरकत पुढच्या बसवर जायची, मग त्याच्या पुढच्या. हे मी रोज बघत आलेय. सगळ्या डेपोला ठाऊक आहे. उस्तादांचं गाड्यांवर किती प्रेम, नवे ड्रायव्हर म्हणतात, पोरांच्या पाठीवरून हात फिरवावा तसे बसवरून फिरवतात. मीही एकदा कौतुकाने कुणाला तरी सांगितलं होतं. आता एका बसच्या पुढे मोकळी जागा आली, तर हात हवेत राहिला, बोटं फाकली, पाऊल आखूड पडलं, आणि पुढचा पत्रा लागल्यावर पुन्हा नेहमीसारखं. नळ चालू होता. चाचपत होता तो. माझा भाऊ भिंत चाचपत होता, भर उन्हात, आणि सगळा डेपो कौतुकाने बघत होता, आणि त्या डेपोत माणसांचे डोळे तपासायची नोकरी माझी होती.

मी धावले. बाकावरची मंडळी म्हणाली, बाई, काय झालं, आग लागली का? गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. माणसं चढून बसली होती. कुणी पिशव्या मांडीवर घेऊन, एक बाई तान्ह्याला पाजत. मी पुढच्या दाराने चढले आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या जाळीपाशी उभी राहिले. रेडिओने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो आपणहून मागे गेला. "भाईजान," मी म्हणाले. त्याने इंजिन बंद केलं नाही. समोरच्या काचेकडे बघत बसला. "तक्ता बदललाय मी," मी म्हणाले.

"माहितेय," तो म्हणाला.

मी म्हणाले, "माहितेय म्हणजे?"

"खोलीत शिरलो तेव्हाच नव्या कागदाचा वास आला. जुन्याला तुझ्या त्या चिकटपट्टीचा वास यायचा." त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि परत ठेवले. "म्हटलं, बरं झालं. आता हिला कळेल. ही बोलेल. मला सांगवत नव्हतं गं. किती दिवस सांगायचं म्हणतोय. तुझ्या भाभीला नाही सांगवलं. म्हटलं, ही तर डोळेवाल्या बाई, कुणाला सोडत नाही, मलाही सोडणार नाही. म्हणून मुद्दाम जुनंच वाचलं. मोठ्याने वाचलं." तो थांबला. "तू म्हणालीस, बरोबर."

बसमध्ये मागे कुणीतरी म्हणालं, अहो, निघायचं की नाही? तान्हं रडायला लागलं. माझे हात जाळीवर होते आणि ते मला दिसत होते, इतके स्वच्छ दिसत होते की माझ्या नखांवरचे पांढरे ठिपकेसुद्धा. "मग निघालास कसा?" मी म्हणाले. "एवढी माणसं घेऊन? घाटात?" माझा आवाज चढला. रागच आला मला, आणि तो कुणावर ते मला नीट ठाऊक होतं. "निघालो नाही," तो म्हणाला. "मघापासून गिअर टाकायला बघतोय. हात जात नाही. म्हटलं, ती येते का बघू." आणि मग हळू, इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं, "अम्मीच्या वेळी पण नाही दिसलं मला. ओठ नाही दिसले. हात गरम होता म्हणून मला वाटलं झोपलीय."

उंबऱ्यात उभी असलेली मी मला दिसली, चपला न काढलेली. ते वाक्य परत घेता येत नाही. मी नुसतं म्हणाले, "भाईजान. बघ माझ्याकडे." लहान मूल हट्ट करतं तसं म्हणाले. "एकदा बघ."

त्याने तोंड फिरवलं. माझ्यापासून दूर, खिडकीकडे, मान पार वळवून, आणि तसाच राहिला. मला त्याचा फक्त गाल दिसत होता, कानाजवळचे पांढरे केस, आणि डोळ्याचा एक कोपरा.

"बघतोय की," तो म्हणाला. "रडतेस कशाला, टगमल?"

मग त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. बसमध्ये माणसं बोलायला लागली, रेडिओ मागून ओरडला, उतरा, उतरा, दुसरी गाडी लागतेय. भाईजानने किल्ली काढली आणि जाळीच्या खिडकीतून माझ्याकडे धरली. ती माझ्या हाताच्या वीतभर उजवीकडे आली, तिथे कुणाचाच हात नव्हता. तो ती तशीच धरून थांबला. मी माझा हात तिथे नेला.